पाण्याला हवा लागू दे

कुमुदकाकूंनी माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि प्यायल्याच नाहीत. लग्न होऊन साताऱ्याहून मी गुजराती मुलखात, गोत्रीच्या सोसायटीत नुकतीच आले होते. समोरच्या काकू नवी सून बघायला आल्या, "बोअरचंच आण हं" म्हणाल्या, आणि काचेचा पेला खिडकीत ठेवून सासूबाईंशी गप्पांत रमल्या. त्या निघेपर्यंत पाणी चक्क पिवळं पडलं होतं. मी लख्ख घासलेला पेला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, तुझा पेला नाही, आपली बोअरच तशी आहे," काकू खळखळून हसल्या. "नव्या माणसाशी तिची ओळख मीच करून देते."

काकू सयाजीगंजातल्या एका कॉलेजातून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शिकवणं मात्र सुटलं नव्हतं. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये त्या उभ्या राहायच्या, "पाणी उंचावरून पाडा, हवा लागू दे, पछी बेसवा दो ने! मग बसू द्या की गाळ तळाला!" लोक इतके कंटाळले की शेवटी टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेला पाइप बसला. लालसर गाळ तळाला बसू लागला, पांढरे कपडे पांढरे राहू लागले, आणि त्या पाइपाला सगळे 'कुमुदबेननो फुवारो' म्हणू लागले.

मी तेव्हा घरात सगळ्याला "चालेल" म्हणत असे. आमटीत एवढा गूळ? चालेल. माहेरी दिवाळीनंतर? चालेल. मग डभोईच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मला ती अगदी मनापासून हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "रोज बसनं एवढ्या लांब? राहू दे." आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "चालेल."

काकूंकडे जाऊन मी रडले. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. बोअरच्या नळाचं ताजं, टाकीत न गेलेलं पाणी घेतलं, दोन पेले माझ्या हातात दिले आणि चहा निववतात तसं वरखाली ओतायला लावलं. थोड्या वेळानं पाणी पिवळं दिसू लागलं.

"खाली जमिनीत हवा नाही, म्हणून लोखंड पाण्यात मुकाट विरघळून राहतं. दिसत नाही, गाळता येत नाही. हवा लागली की त्याचं हायड्रॉक्साइड होतं, आणि ते काही पाण्यात विरघळत नाही. रंग दिसतो, घाबरायला होतं, पण तेच तळाला बसतं. तुझं ते 'चालेल' आहे ना, ते विरघळलेलं लोखंड आहे, बेटा. जा, हवा लाव त्याला."

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "आई, नाही चालणार. मला नोकरी करायचीय." नवऱ्याच्या हातातला पापड हातातच राहिला. पुढे दोन दिवस घरात चांगलीच वादावादी झाली. गूळ निघाला, दिवाळी निघाली, सगळं निघालं. शनिवारी सकाळी सासूबाई डबा घासत म्हणाल्या, "बसला का गाळ? मग बस कितीची आहे ते सांग."

गेल्या वर्षी काकू मुलीकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. रिक्षा दारात उभी होती. त्या आपल्या नेहमीसारख्या हसत म्हणाल्या, "चल, येते मी. चालेल ना?"

"नाही चालणार," मी म्हणाले.

"शाब्बास!" काकू म्हणाल्या, आणि रिक्षात बसायचं सोडून पायरीवरच बसल्या. डोळ्यांना पदर लावला, आणि रिक्षावाल्याला हातानं थांबवत म्हणाल्या, "भाई, बे मिनिट. बेसवा दो ने."