परक्या सुभेदाराचं पान

एका पितृपक्षात मी दुसऱ्याच कुणाच्या तरी सासऱ्याला खीर-वडे जेवू घातले. बरं, गुपचूप नाही. सोसायटीच्या टेरेसवर खुर्ची मांडून, तिच्यावर फ्रेम ठेवून, फ्रेमला झेंडूचा हार घालून, वीस-पंचवीस पाहुणे बोलावून जेवू घातले. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. अल्लड वय. त्या वयात माणसाला कितीशी पोच असते!

ज्यांना जेवायला घालायचं होतं ते माझे चुलत सासरे, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. हे जमादार होते. जमादार म्हणजे तेव्हाच्या पलटणीतला देशी अधिकारी, सुभेदाराच्या एक पायरी खाली. दुसऱ्या महायुद्धात बोटीत बसून गेले, ते गेलेच. तार आली, तिच्यात ‘बेपत्ता’ एवढंच. त्यांच्या बायकोनं त्या एका शब्दावर जन्म काढला. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं म्हणून तिनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. तिच्या हयातीत त्यांचं पान वाढायची कुणाची छाती नव्हती. ती गेल्यावर मग सर्वपित्री अमावस्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्या मंडळींच्या गर्दीत, त्यांनाही एक पान मिळू लागलं.

बाप गेला तेव्हा लेक पाळण्यात होती. ती माझी चुलत नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात, कारण सगळ्या भावजयांत मी धाकटी. वन्सं ऐरोलीला लेकाकडे राहतात, मी नेरूळला. रोज सकाळी फोन, त्यात भाजी काय केली इथपासून भांडणापर्यंत सगळं. एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. आहे ती नजर हळूहळू जाणार, परत येणार नाही. त्या दिवशी फोनवर भाजीचा विषय निघाला नाही.

“धाकटे, तुला त्यो मोबाइल येतो न्हवं?”

“येतो की. क्लास लावलाय मी.”

“मग माझ्या बापाचं नाव कुटं दगडावर हाय का बघ. डोळं हायती तवर मला बघू दे. आन् त्याला अग्नी दिला का तसाच मातीत लोटला, तेवढं कळूंदे. आई त्याच घोरानं गेली.”

माणूस आयुष्यात एकदा काहीतरी मागतो, आणि मागतो कुणाकडं? तर माझ्याकडं! ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या मोबाइल क्लासात मी पहिल्या बाकावर बसायचे आणि सगळ्यांच्या आधी बोट दाबायचे. काय दाबलं ते नंतर वाचायचे. मास्तरीण म्हणायची, “आजी, आधी वाचा.” मी म्हणायचे, “बाई, वाचत बसले तर जमाना पुढं जाईल.”

तर युद्धात पडलेल्यांची नावं ठेवणारी एक वेबसाइट सापडली. आमचं आडनाव टाकलं आणि स्क्रीनभर आमचे भाऊबंदच भाऊबंद! आमच्या भागातून भरती झालेल्या पलटणींत आडनावं ठरलेली, नावं देवादिकांची. हाक मारली तर अर्धी कंपनी मागं वळून बघत असेल. चाळता चाळता नाव आणि आडनाव जुळणारे दोघं उरले. दोघंही सातारा जिल्ह्याचे. एक जमादार, एक सुभेदार.

मी डोळे झाकून सुभेदार उचलला.

का, ते सांगायचं तर पंचविशीतल्या एका बाईचं माकडपण सांगावं लागेल. नवी मुंबई नवी होती तेव्हाची गोष्ट. सिडकोच्या एका खोलीत आमचा संसार, हे मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर, आणि शेजारीण अशी, की तिचा दीर तहसीलदार. पाणी भरताना तहसीलदार, पापड लाटताना तहसीलदार. एके दिवशी माझ्या तोंडून निघालं, “आमचे थोरले सासरे लढाईत गेले. सुभेदार होते.” तहसीलदारापुढं जमादार मला जरा हलका वाटला, म्हणून एक पायरी चढवून दिला. सरकारनं केली नाही ती बढती मी पापडाच्या पाटावर बसून केली. शेजारीण गप्प झाली, एवढं पुरे. पुढं ती बढती मी इतक्यांदा सांगितली की माझ्या लेकरांनी ती शाळेत निबंधात लिहिली, नातवानं तर एका भाषणात त्यांना कर्नल केलं. आणि मीही साफ विसरून गेले की ही थाप माझीच. त्यामुळं स्क्रीनवर जमादार दिसला तेव्हा मी म्हटलं, छे, हे कुणीतरी दुसरेच. आमचे सुभेदार!

गावाचं नाव जुळत नव्हतं. पण साहेबाला कुठं आपल्याकडची गावं लिहिता येतात, म्हणून ते मी जुळवून घेतलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचल्या नाहीत. मी वन्संना फोन लावला.

“वन्सं, सापडले! सुभेदार होते ते!”

वन्संनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाल्या, “सुभेदार? म्हंजी मरणाआधी बढती मिळाली व्हय गं माझ्या बापाला?”

“मिळाली की,” मी म्हटलं. मला कुठं आठवत होतं ती कुणी दिली ते!

सीवूड्सच्या एका दुकानातून मी वेबसाइटवरच्या त्या परदेशातल्या लष्करी स्मशानभूमीचा मोठा रंगीत फोटो छापून आणला, पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. खाली वेबसाइटवरची माहिती छापून घेतली. सर्वपित्रीला टेरेसवर सगळे जमले. मी पान वाढून कठड्यावर ठेवलं. कावळा शिवेना. हे म्हणाले, “तुमच्या लेकीला अंतर देणार नाही.” कावळा शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसून आमच्याकडं बघतोय. मी म्हटलं, “नातवंडांना सांभाळू.” त्यानं मान वळवली. तेवढ्यात दोन कबुतरं येऊन भातात नाचली. पाहुण्यांना भुका लागलेल्या. वेळ काढायला मी फ्रेम उचलली आणि म्हटलं, तोवर माहिती वाचून दाखवते.

आणि खणखणीत आवाजात, इंग्रजीतलं मराठीत करत, मी वाचलं. नाव, हुद्दा, गाव तर आमचंच धरून. बापाच्या नावाची ओळ घाईत सुटली. मग शेवटची ओळ, पत्नीचं नाव.

ते वन्संच्या आईचं नव्हतं.

वन्संनी विचारलं, “ही कोण?”

मी पुन्हा ओळीकडं बघितलं. दुसऱ्यांदा वाचलं म्हणून बाई काही बदलली नाही.

वन्सं उठल्या, पदर सावरला आणि न जेवता लेकाला घेऊन खाली उतरल्या. रिक्षा जाईपर्यंत सगळे कठड्यावरून वाकून बघत होते. त्यानंतर माझ्या जावांना जे काही सुचलं! “पलटणीतला माणूस, काय सांगावं बाई.” “म्हणूनच कधी पत्र येत नव्हतं.” ह्यांनी तेवढी घराण्याची बाजू मांडली, “आमच्यात दोन सांभाळायची कुणाची ताकद? मला एक झेपेना.” आणि लपवून काय करू, मलाही पहिल्या दिवशी जरा मजाच वाटली. इतक्या सोवळ्या घरात एक तरी भानगड निघाली, असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लेकानं उचलला.

“मामी, आई धड जेवत नाही. आजीचा फोटो घेऊन बसते नुसती. काल म्हणाली, मग माझी आई जन्मभर कुणाची वाट बघत बसली होती?”

माझी मजा तिथल्या तिथं संपली. मी फोन ठेवला आणि क्लासच्या मास्तरणीनं शिकवलं होतं ते आयुष्यात पहिल्यांदा केलं. आधी वाचलं. सुभेदाराची एकूणएक ओळ. बापाचं नाव वेगळं, गाव कृष्णेच्या दुसऱ्याच काठाचं, बायको त्याचीच, लग्नाची. मग त्या टाकून दिलेल्या जमादाराकडं गेले. गावाचं स्पेलिंग चमत्कारिक होतं, पण मोठ्यानं म्हटलं की आमचंच. वडील, माझे आजेसासरे. आणि शेवटच्या ओळीत, साहेबानं अक्षरांचा पार चुराडा केलेली, पण ओळखू येणारी, वन्संची आई.

पाटावरचे ते पापड, तहसीलदार, माझा चढलेला आवाज, सगळं तेव्हा आठवलं. पंचविशीतली ती शहाणी समोर असती तर तिच्याच लाटण्यानं तिला बडवली असती.

मग मी जमादारांच्या नोंदीत दिलेल्या स्मशानभूमीच्या कचेरीला, इटलीला, ई-मेल लिहिली. हो, इटलीत होते ते. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी केली, शेवटी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. उत्तर आलं ते एका बाईचं, फोटोसकट. तिनं लिहिलं होतं की त्यांची कबर नाही, कारण हिंदू शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणं अग्नी दिला होता, आणि त्यांची नावं तिथंच एका दगडावर कोरलेली आहेत. फोटोत ते नाव स्वच्छ दिसत होतं. ती ओळ मी चारदा वाचली, कारण आता माझ्यावर माझाच भरवसा नव्हता.

फोटो मोठा करून मी ऐरोलीला गेले. वन्सं भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

“वन्सं, तुमचा बाप एकबायकीच होता. थापाडी मी.”

त्या वळल्या नाहीत. मग मी शेजारणीपासून सगळं सांगितलं, तहसीलदार, पापड, बढती. लेक हसायला लागला, त्याला मी डोळ्यानं दटावलं. मग वन्सं उठून बसल्या.

“म्हंजी सुभेदार न्हवता?”

“नव्हता. जमादार होता.”

“आन् अग्नी?”

“दिला. तिथल्या बाईनं लिहून दिलंय.”

त्यांनी भिंग मागितलं. फोटो डोळ्यांशी धरून, भिंग पुढंमागं करत, त्या अक्षर अक्षर सरकत गेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही. मी बोट ठेवून सांगत होते, हे तुमच्या बापाचं पहिलं अक्षर, हे दुसरं. शेवटच्या अक्षरावर त्या फार वेळ थांबल्या. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “च्या टाक.”

पुढच्या पितृपक्षाआधी मी गुरुजींना तिथी विचारायला गेले. ते म्हणाले, “लढाईत गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात. त्यासाठी इटलीला विचारायची गरज नव्हती, आजी.” गरज कशी नव्हती? ‘बेपत्ता’ माणसाला चतुर्दशीला कोण बसू देईल? पण एवढ्या सगळ्या खटाटोपानं त्यांचं पान सरकलं ते अमावस्येवरून एक दिवस अलीकडं, एवढंच.

चतुर्दशीला पुन्हा आमच्याच टेरेसवर, ह्या खेपेला घरचीच माणसं. कावळा आला. फक्त वडा उचलून गेला, खिरीकडं बघितलंही नाही, पण आम्ही ते शिवलं असं धरलं. मी ताटं वाढायला वळले, तर वन्संनी माझा पदर ओढला. नजर अधू झाली होती तरी कठड्यावर एकच पान आहे हे त्यांना बरोबर दिसलं होतं.

“धाकटे, दुसरं पान कुटं हाय? गेल्या साली त्या सुभेदाराला तूच जेवाय बोलावलंस न्हवं? त्याचीबी बायकू वाट बघून गेली आसल. वाढ त्याला, आन् ह्या खेपंला तरी त्याच्याच नावानं वाढ.”