बारामतीत मोजलेलं प्रेशर

माझा चष्मा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड होता आणि माझं लग्न जमवणं म्हणजे आईच्या डोक्याला ताप. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तिने मला शेळगावातून थेट पुण्याला नेऊन लेझर करून आणलं. चष्मा गेला, मी जाम खूश! त्यात निमगाव केतकीचं एक चांगलं स्थळ आलं. त्यांना आईने बिनदिक्कत सांगून टाकलं, "पोरीला चष्मा कधी नव्हताच."

लेझरनंतर डोळ्यांत घालायचे थेंब मात्र चालू होते. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, या थेंबांनी काहींच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. दुखत नाही, कळत नाही, पण नजर कायमची जाऊ शकते. बारामतीत मोजून घ्या.

बारामतीच्या दवाखान्यात बाकावर नेमकी त्या स्थळातल्या मुलाची आई बसलेली. माझ्या आईने तिला हसून जय भीम केला आणि माझ्या दंडाला चिमटा काढला.

"आप्रेशनचं तोंडातनं काढू नगंस," आत शिरताना ती पुटपुटली. मध्ये नुसता पडदा होता. शिंकलं तरी बाकावर ऐकू जायचं.

डॉक्टरांनी डोळा बधिर केला आणि यंत्राचं निळं टोक बुबुळाला टेकवलं. "प्रेशर ठीक आहे. डोळ्याचं काही ऑपरेशन?"

"कायबी न्हाय," आई म्हणाली.

मला धडकीच भरली. आईचा राग आला, तिची कीवही आली. स्थळं आणखी येतील, डोळे कुठून आणू? मी मोठ्याने म्हणाले, "लेझर झालंय. जाड चष्मा होता. थेंब चालू आहेत."

आईने कपाळावर हात मारला.

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "लेझरने बुबुळ पातळ होतं, मग यंत्र कमीच दाखवतं. म्हणजे तुमचं प्रेशर खरं तर वाढलंय." त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि थेंब बदलून दिले.

बाहेर आलो तर त्या बाई उभ्याच राहिल्या. आई अवघडून म्हणाली, "चुकलं आमचं. आदीच सांगाया पायजे हुतं."

"आवो, त्ये ऱ्हाऊ द्या," बाई हळूच म्हणाल्या. "लेझर कुठं करत्यात त्ये सांगा. आमच्या पोराचा चष्मा बी फोटोपुरता काढून ठिवलेला."

आई इतकी हसली की कंपाउंडर डोकावून गेला.

पुढच्या खेपेला प्रेशर उतरलेलं होतं. लग्न त्याच घरात झालं. नवऱ्याने लेझर काही केलं नाही. दरवर्षी मोटारसायकलवरून तोच मला बारामतीला न्यायचा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत, नाकावरचा जाड चष्मा सावरत सांगून टाकायचा, "हिचं लेझर झालंय बरं का."