हात ढिला सोडल्यावर

त्या दिवसांत मी वाघजाईपुढे हात जोडत होते, पण मन काही जोडलं जात नव्हतं. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मला सव्विसावं चालू होतं. हा रोग म्हाताऱ्या माणसांना होतो, असंच मी धरून चालले होते. पुण्याच्या दवाखान्यात केमोची सुई लावायला जायचे तेव्हा बाकावर सगळी माझ्या आईवडलांच्या वयाची माणसं असायची. कुणीतरी मायेनं विचारायचं, "पोरी, कुणाला घेऊन आलीस?" मलाच आणलंय, असं सांगायला माझी जीभ उचलायची नाही. मी नुसती मान खाली घालायचे.

केस गेले तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वाडीत सांगून टाकलं की सून तिरुपतीला जाऊन केस देऊन आली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. नणंदेचं लग्न ठरलेलं होतं आणि घरात असला रोग आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, हे भय त्यांना खात होतं. पण झालं काय, तर बायका प्रसाद मागायला आल्या. आत्यांनी पौडच्या दुकानातून लाडू आणून चिमूट चिमूट वाटले. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली. ज्या देवाच्या दारात मी कधी गेले नव्हते, त्याचा मान माझ्या पायांवर ठेवला जात होता.

तेव्हाच मी ठरवलं, आता पुढची सुई नाही. निम्म्या झाल्या होत्या, निम्म्या राहिल्या होत्या. आमचे हे भूगावला एका सोसायटीत वॉचमन आहेत, त्यांनाही मी सांगितलं नाही. देव्हाऱ्यात वाघजाईचा टाक आहे, त्याच्यापुढे दिवा लावताना एवढंच म्हटलं, "आई, माझ्या वयाचं एक तरी माणूस मला दाखव. नसेल दाखवायचं, तर मला आता पुढं ओढू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाचा चुडा भरायचा होता. आमच्याकडे नवरीबरोबर घरातल्या सगळ्या सवाष्णी हिरव्या बांगड्या भरतात. पौडच्या बाजारातली मणेरीण मावशी वर्षानुवर्षं येते. त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, म्हणून तिची लेक आली, रेहाना. तिला आमच्या वाडीत आधी कुणी पाहिलं नव्हतं. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली, हसरी पोर. सगळ्यांचे हात भरून झाले आणि आत्यांनी मला पुढं ढकललं.

मी हात दिला, पण मूठ वळून, तळहाताची बाजू वर करूनच. औषधानं हाताच्या शिरा काळ्या पडल्या होत्या, त्या दिसतील म्हणून.

"वैनी, हात ढिला सोडा. ताठ धरला की बांगडी वाढती."

तिनं हळूच माझा हात उलटा केला आणि शिरेवरून अंगठा फिरवला. तिचा अंगठा तिथंच थांबला. तेवढ्यात शेजारच्या हौसाकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "का गं, बालाजीनं तुझ्या भुवया बी ठिवून घेतल्या का?"

दोघीतिघी हसल्या. आत्यांचा चेहरा पांढरा पडला. मला पदर कुठं ओढावा तेच कळेना.

"माझ्या बी घेतल्या व्हत्या, काकू," रेहाना म्हणाली. "आता मी मणेराची पोर, मी कुटं जातीय तिरुपतीला?" आणि तिनं सगळ्यांसमोर ओढणी खाली सोडली. डोक्यावर बोटभर कुरळे केस होते. "औषधानं जात्यात. परत येत्यात बी. ह्या बगा, आधी सरळ व्हते, आता मेंढरावानी आल्यात."

कुणी हसलं नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. आदल्या दिवशी मागितलेलं असं बांगड्यांची पेटी घेऊन दारात येऊन बसेल, हे मला अजून खरं वाटत नाही. रेहाना माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

आत्या घाबरून नणंदेकडे बघायला लागल्या. ती हिरवे हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मोडायचं आसंल तर मोडू दे, आई. वैनीला लपवून मला न्हाई नांदायचं." सोयरीक मोडली नाही. मुलाकडच्यांनी कुणा डॉक्टरला विचारलं, हा रोग लागत नाही हे त्यांना कळलं, आणि लग्न झालं.

चुड्यानंतरच्या सोमवारी माझी सुई होती. रेहानाच्या बोलावण्यावरून मी गेले, तर ती पौडच्या स्टँडवर उभी होती. म्हणाली, "चला, आपली माणसं दावते." पुण्याच्या दवाखान्याच्या मागं चहाची टपरी आहे, तिथं सहासात पोरंपोरी बसली होती. सगळी माझ्याच वयाची. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या हाताला पट्टी. सूस गावचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा मला बघून म्हणाला, "या वैनी, टकल्यांच्या भावकीत." सगळी खळखळून हसली. या रोगात असं हसता येतं, याचाच मला धक्का बसला. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले. कुणी मला गप्प केलं नाही. चहा गार झाला तसा दुसरा मागवला.

त्या दिवशी मी सुई घेतली. पुढच्याही घेतल्या. गाठ आता नाही, तपासण्या चालू आहेत. पुढचं मला माहीत नाही, आणि ते रोज विचारायचंही मी सोडलं आहे.

चुडा भरून झाल्यावर बांगड्या भरणारीला नमस्कार करायची आमच्यात रीत आहे. त्या दुपारी मी रेहानाला वाकले तेव्हा ती गडबडून म्हणाली, "अवो, मी ल्हान हाय तुमच्याहून." पण मी कुणाला वाकले ते मला ठाऊक होतं. आई दारात येते तेव्हा ती कुणाच्या रूपानं यावी हे आपण ठरवायचं नसतं. आपण हात तेवढा ढिला सोडायचा.