उघडीप कुणाला?

टीव्हीवरची मुलगी हसून म्हणाली, "शनिवार-रविवारी पाऊस उघडीप देईल. पर्यटकांनी टोपी आणि पाणी सोबत ठेवावं." माझं डोकं तिथंच फिरलं. परतीचा पाऊस जरा थांबला की कापलेलं भात खळ्यावर आणून वाळवायचं, त्या कोरड्या वेळेला आमच्या घाटाखालच्या गावात उघडीप म्हणतात. पाऊस उघडीप देतो खरा, पण कुणाला देतो, हे आता टीव्हीच ठरवणार.

शनिवारी सकाळी बघतो तर शेतातून येणाऱ्या वाटेवर एक गाडी आडवी लावलेली. तिच्यामागे आमच्या शेजारच्या अनसूयावहिनी उभ्या, डोक्यावर ओल्या भाताचा भारा, मानेवरून पाणी ओघळतंय. गाडीवाला धबधब्याचे फोटो काढण्यात गुंग. मी खेकसलो तेव्हा म्हणाला, "काका, चिडता कशाला? दोन दिवस ऊन आहे, बातम्यांत सांगितलंय."

टोपी घ्या, पाणी घ्या, सगळं सांगतात. वाट सोडा, एवढं सांगायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही.

भाऱ्याखालून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दोनच दिवस आहे रे बाबा. म्हणून तर सांगते, गाडी काढ."