टकटककाकांची पेन्सिल

आमच्या मजल्यावरच्या टकटककाकांचा जन्म छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासण्यात गेला. तिथली रीत अशी, की एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापील कागदावर डोळे लावून बसायचं. चूक दिसली की पेन्सिलीनं टेबलावर टकटक. वाचणारा थांबे, दुरुस्ती होई, मग गाडी पुढे. निवृत्त होताना काकांनी खुर्ची तिथं सोडली आणि टकटक घरी आणली.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "लेट अस डिस्कस अबाउट पार्किंग." टकटक!

"‘डिस्कस’ला ‘अबाउट’चं शेपूट कशाला?"

"काका, पार्किंग राहू द्या. आधी शेपटाचाच ठराव करू!"

‘कझिन ब्रदर’ म्हणणाऱ्याला काका चहा देतात, पण आधी टकटक. आणि ‘रिपीट’मध्येच ‘पुन्हा’ असताना कुणाचं ‘रिपीट अगेन’ कानावर पडलं, तर त्यांना खडा चावल्यासारखं होतं. माणूस मात्र लोण्याचा. कुणीही नोकरीचा अर्ज घेऊन येवो, ताटावरून उठून नीट करून देतील.

त्यांची नात दूरच्या शहरात नोकरीला. तिच्या बोलण्यात ऑफिसचं इंग्रजी फार, त्यामुळे काकांची टकटक फोनवरही चाले. शेवटी तिनं आजीला सांगून टाकलं, "आजोबांना फोन देऊ नकोस. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." तेव्हापासून काकू फोन घेऊन आतल्या खोलीत जात. त्या बाहेर आल्या की काका पेपरमधून मान वर न करता विचारत, "नीट जेवते ना?"

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. काकू अंघोळीला गेलेल्या. काका हातात पेन्सिल घेऊन इंग्रजी पेपर वाचत होते, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. काका नुसते बघत राहिले.

"उचला की!" मी म्हटलं.

त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आजी, मला नोकरीवरून काढलं गं," रडवेला आवाज आला.

"आजी अंघोळीला गेलीय. मी आहे."

मला वाटलं, आता ठेवते ही फोन.

"सगळ्यांसमोर सांगितलं, आजोबा. माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, सर, प्लीज रिपीट अगेन..."

मी काकांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी पेन्सिल हळूच पेपरवर ठेवली होती.

ती बोलत गेली. मध्येच थबकली. "आजोबा, फोन कट झाला का?"

"नाही गं. ऐकतोय."

"मग टकटक?"

"आज सुट्टी."

ती रडतारडता हसली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "थोडे दिवस तिकडे येऊ?"

"हे काय विचारणं झालं? आधी मला सांग, सकाळपासून काही खाल्लंस का?"

एवढ्यात काकू ओले केस पुसत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "तिचा ना? द्या इकडे."

काकांनी फोन छातीशी धरला. "थांब जरा. आमचं बोलणं व्हायचंय अजून."