स्ट्रेचरवर झोपून तपासलेली गाडी

श्री. भालचंद्र पेडणेकर यांची आणि माझी पहिली भेट एका टॅक्सीखाली झाली. ऐंशी सालच्या सुमारास गावाकडच्या बसडेपोतले काम सोडून मी अंधेरीला आलो आणि औद्योगिक वसाहतीमागच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी विचारायला गेलो. भाऊ (आम्ही सारे त्यांना भाऊच म्हणतो) गाडीखाली आडवे होते. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी मलाही खाली बोलावले, मागच्या चाकांजवळचे स्प्रिंगचे पोलादी पाटे दाखवले आणि हे कशासाठी असतात, असे विचारले. वजन पेलायला, मी म्हणालो. अर्धे उत्तर बरोबर आहे, उद्यापासून ये, असे ते म्हणाले. उरलेले अर्धे उत्तर कळायला मला दोन वर्षे लागली आणि एक मोठी चूक करावी लागली. भाऊंच्या साठीच्या या अंकात तीच हकीकत सांगतो.

भाऊंचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चाक आणि माणूस यांच्यामध्ये जे जे बसवलेले असते, त्याची त्यांच्याइतकी जाण असलेला माणूस मी पाहिलेला नाही. दोन तळहात वरखाली करून ते आम्हांला शिकवीत. मागचा दांडा दोन्ही चाकांना एकत्र बांधतो, म्हणून एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते; पुढची चाके सुटी असतात, ज्याचा खड्डा त्यालाच. एखाद्या गाडीला पुढे गोल स्प्रिंग असते, तर एखादीला नुसता सरळ पोलादी दांडा, तो पिळला जातो आणि पुन्हा सुटतो. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला परतही फेकते. ती उसळी जिरवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरमधले तेल करते. नवी छोटी गाडी प्रथम आमच्याकडे आली, तेव्हा तिच्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या पायात बसवलेले पाहून भाऊ दुपारचा डबा खायचे विसरले होते.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्त झालेल्या गाडीत गिऱ्हाईक जिथे बसणार, तिथे काम करणाऱ्याने स्वतः बसायचे आणि दुसऱ्याने गाडी फिरवून आणायची.

एकदा विलेपार्ल्याच्या एका धर्मादाय दवाखान्याची रुग्णवाहिका आमच्याकडे आली. मालवाहू गाडीवर डबा बांधलेला, आणि मागून ती बसकी झालेली. मणक्याचे ऑपरेशन झालेल्या एका शिक्षिकेला रविवारी त्या गाडीतून मुलुंडला घरी न्यायचे होते. त्यांना गचका बसता कामा नये, असे डॉक्टरांनी दवाखान्याच्या तुकाराम ड्रायव्हरला बजावले होते.

घाटातल्या बसचा इलाज माझ्या हातात बसलेला. थकलेले पाटे बदलले आणि वर एक जास्तीचा चढवला. गाडी ताठ उभी राहिली. पण जिवंत माणसाने स्ट्रेचरवर आडवे होणे मला अपशकुनी वाटले. तुकारामशेजारी पुढे बसून मी फेरी मारली आणि गाडी तयार असल्याचे सांगितले. मागे कोण झोपले होते, असे भाऊंनी विचारले, तेव्हा खरे ते बोललो. कामगार हसले, एकाने हार आणू का म्हणून विचारले. भाऊंनी त्याला हाताने थांबवले.

"रघुनाथ, तुझ्या मनाला पटत नाही ना? मग तू चालव. मी झोपतो."

मरोळच्या उखडलेल्या रस्त्याने आम्ही गेलो. रुग्णवाहिकेत भाऊंना आडवे पाहून शेजारच्या लेथवाल्याने धावत त्यांच्या घरी जाऊन वहिनींना कळवले. आम्ही परत आलो, तर वहिनी वर्कशॉपच्या दारात रडवेल्या उभ्या. भाऊ स्वतःच्या पायांनी उतरलेले पाहिल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, "एवढी हौस असेल तर घरी अंथरूण घालू का?"

भाऊ कमरेवर हात ठेवून मला म्हणाले, "गाडी ताठ उभी आहे रे, पण आतला माणूस उडतो. तुझ्या बसमध्ये साठ माणसं होती. इथे एक बाई आहे. वजनच नाही, तर हा पाटा दबणार कधी?"

मी स्ट्रेचरवर जाऊन झोपलो आणि तुकारामला गाडी काढायला सांगितले. प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात उतरत होता. पाट्याने वजन पेलायचे तसे दबून धक्काही झेलायचा, हे उरलेले अर्धे उत्तर मला तिथे कळले. मी नामस्मरण करीत होतो, पण अपशकुनाची भीती मनात उरली नव्हती. न पाहिलेल्या त्या बाईंचीच काळजी होती.

जास्तीचा पाटा काढला, बाकीच्यांतलेही दोन जाड कमी केले आणि लांब, पातळ पाटे ठेवले. आता गाडी वळणावर डुलू लागली. तेव्हा मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले आणि दोन्ही बाजू जोडणारा एक दांडा टाकला. हे चालू असताना दवाखान्याचे चिटणीस आले आणि आज गाडी देणार होतात म्हणून तापले. भाऊ एवढेच म्हणाले, "चूक वर्कशॉपची आहे. उद्या सकाळी नऊला गाडी दारात असेल." माझे नाव त्यांनी तेव्हा घेतले नाही आणि नंतरही कधी घेतले नाही. रविवारी सकाळी मी पुन्हा झोपून फेरी केली. तुकाराम मागचे दार उघडून म्हणाला, "रघुनाथराव, उतरा आता. पेशंट वाट बघतोय."

सोमवारी तो मुद्दाम सांगायला आला. गाडी मुलुंडला दारात थांबली, तरी बाई विचारत होत्या, घाटकोपर आलं का? ते तर निम्म्या वाटेवरच मागे पडले होते. भाऊंनी ते ऐकले, मान हलवली आणि ते पुन्हा कामाला लागले. त्यानंतर आलेली प्रत्येक रुग्णवाहिका मी झोपून तपासली आहे. भाऊही तपासतात. गुडघे दुखतात, तरी ऐकत नाहीत.

परमेश्वर भाऊंना भरपूर आयुष्य देवो, गुडघ्यांना बळ देवो, आणि रुग्णवाहिकेत आडवे होण्याची पाळी त्यांच्यावर येईल, तेव्हा ती केवळ गाडीच्या तपासणीसाठीच येवो.