माझं खाडीतून आगमन

माझ्या सासुरवाडीच्या लोकांनी मला भर महोत्सवात खाडीच्या चिखलात बसवून ठेवलं, ही गोष्ट आता पेण तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. लोक ती ज्या पद्धतीने सांगतात ती मात्र साफ चुकीची आहे. म्हणून एकदा मीच सांगतो.

मी राहतो रामवाडीत, शिकवतो शाळेत आणि गातो घरी. सासुरवाडी पेणजवळच, खाडीच्या काठावर. तिथली मंडळी पूर्वी मिठागरात राबायची, आता बहुतेक जण कंपनीत शिफ्टला जातात. दरवर्षी थंडीच्या दिवसांत हे लोक धक्क्यावर कला आणि संगीताचा महोत्सव भरवतात. एका बाजूला प्लायवुडच्या फळ्यांवर आळीतल्या हौशी चित्रकारांची चित्रं, दुसऱ्या बाजूला रांगोळ्या आणि भजीचा स्टॉल, मध्ये स्टेज. माझी बायको सुरेखा या महोत्सवाचं सूत्रसंचालन करते. तरीसुद्धा सलग तीन वर्षं माझं गाणं लहान मुलांचा नाच आणि बायकांची लग्नगीतं यांच्या मधोमध ठेवण्यात आलं. म्हणजे नाच संपला की मुलांच्या आया उठून भजी आणायला जातात, त्या वेळेत. मी सुरेखाला याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की कोणाला तरी तिथे ठेवावंच लागतं.

त्यातून त्या वर्षी रोह्याहून माझी आत्या येणार होती. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. मला पेटी तिने शिकवली, पण मला चारचौघांत गाताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्यासमोर भज्यांच्या गर्दीत गायचं, हे मला मान्य नव्हतं. मी ठरवलं, आपण स्टेजच्या मागून चढायचं नाही. आपण खाडीतून यायचं. होडीत उभं राहून, पेटी समोर घेऊन, गात गात धक्क्याला लागायचं. मावळतीचं ऊन तोंडावर पडेल आणि भजी खाणारा माणूससुद्धा क्षणभर थांबेल.

होडी मेव्हण्याची. रमाकांत त्याचं नाव, डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामावर आहे, पण त्याची निम्मी अक्कल अजून खाडीतच असते. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता यायचं म्हणता?"

"पाच."

"चारला या दाजी. आज तीज हाय. पाचला पानी नाय राहायचं."

मी त्याला समजावलं की चारला ऊन अजून पांढरं असतं, त्यात माणूस उठून दिसत नाही. तो म्हणाला, ते खरं, पण खाडीला ते ठाऊक नाय. आता मला सांगा, हे काय बोलणं झालं? मी भूगोलाचा शिक्षक आहे. भरती-ओहोटीचा धडा गेली सतरा वर्षं मी सातवीला शिकवतो आहे, आकृतीसकट. मी रमाकांतला स्पष्ट सांगितलं की अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही. खरं तर तिथेच त्याने मला अडवायला हवं होतं. मेव्हणा म्हणून त्याचं ते कर्तव्य होतं.

पावणेपाचला आम्ही खालच्या अंगाने निघालो. मी रेशमी झब्बा घातला होता, खांद्यावर शाल. पेटी आत्याची होती, तिने मुद्दाम रोह्याहून आणलेली. वळण घेतलं आणि धक्का दिसला. खुर्च्या भरलेल्या होत्या. पहिल्या रांगेत आत्या. स्टेजवरून सुरेखाने माझं नाव घेतलं आणि सगळे खाडीकडे वळले. मी पहिला सूर लावला. त्याच सुरावर होडी थांबली.

धक्का तिथून शंभर पावलांवर होता. मी रमाकांतला म्हणालो, वल्हव. तो म्हणाला, कशात? मी खाली पाहिलं. होडीच्या दोन्ही बाजूंना काळा, तुकतुकीत चिखल होता आणि त्यात खेकडे फिरत होते.

रमाकांतने बांबू टेकवून दोनदा रेटा दिला, मग बांबू आत ठेवला आणि घड्याळ पाहिलं. त्याला तिसऱ्या पाळीला जायचं होतं, त्याआधी घरी जाऊन जेवायचं होतं. तो विजार वर करून खाली उतरला, गुडघ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "या, पाठुंगळी बसा. नेतो तुमाला."

आत्या समोर बसलेली. तीनशे माणसं माझ्याकडे पाहतायत. माझं वय अठ्ठेचाळीस. मी नकार दिला. मग तो म्हणाला की पाणी आता रात्रीच येईल, तोवर झेपत असेल तर बसा. आणि हा माणूस रस्त्यावरून चालावं तसा चिखलातून चालत निघून गेला. जाताना त्याने पेटीवर माझी शाल तेवढी नीट घातली.

सुरेखाला नवऱ्याची काळजी वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. तिने माइक घेतला आणि अत्यंत गोड आवाजात जाहीर केलं की पुढचे कलाकार वाटेत आहेत, तोपर्यंत आपण महिला मंडळाची लग्नगीतं ऐकू या. वाटेत! मी तिला डोळ्यांनी दिसत होतो.

मग मी विचार केला, माणूस अडकला म्हणून कला कशाला अडकवायची. मी शाल काढली, पेटी पुढे ओढली आणि सुरुवात केली. स्वतः चाल लावलेलं भावगीत, तीन कडवी, मधे आलाप. खरं सांगतो, त्या दिवशी गळा जसा लागला तसा नंतर कधी लागला नाही. ताना घेताना हात आपोआप वर जात होता. एका ठिकाणी तर मी डोळे मिटून दोन्ही हात पसरले. धक्क्यावरून टाळ्या आल्या. मला धीर आला आणि मी दुसरं गाणं घेतलं. तेही संपवलं. चाळीस मिनिटं मी थांबलो नाही. दोन लाउडस्पीकर खाडीकडे तोंड करून बांधलेले होते आणि त्यांतून बारा बायका एका आवाजात गात होत्या, याकडे माझं लक्षच गेलं नाही.

सहाच्या सुमारास महोत्सव मंडळाचे अध्यक्ष जनार्दनकाका आणि चार माणसं धक्क्याच्या पायऱ्यांवर जमली. काय करावं यावर चर्चा झाली. शेवटी त्यांनी प्रदर्शनातली चित्रं उतरवली आणि प्लायवुडच्या फळ्या चिखलावर एकापुढे एक टाकत माझ्यापर्यंत वाट केली. चित्रकार मंडळी आपापली चित्रं छातीशी धरून बाजूला उभी होती आणि माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत होती. जणू ओहोटी मी आणली होती.

माणसं होडीपाशी पोचली. मी उठून हात पुढे केला. तेवढ्यात बायकांचं गाणं संपलं आणि पहिल्या रांगेतून आत्याचा आवाज आला. ऐंशी ओलांडलेल्या बाईचा, माइकशिवाय, अगदी स्वच्छ.

"आधी पेटी आणा रे. तो नंतर आला तरी चालेल."

पेटी दोन माणसांनी डोक्यावरून नेली. मग मी निघालो. उभं राहून चालता येईना, कारण फळी एका टोकाला दाबली की दुसरं टोक वर यायचं. म्हणून मी रेशमी झब्ब्यात रांगत निघालो. शेवटच्या फळीवरून सरकलो आणि डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. जनार्दनकाकांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा मी बाहेर आलो. चप्पल आली नाही.

आत्याने आधी पेटी उघडून सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, त्या वाजल्या तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने माझ्या गालावरचा चिखल पुसला. मग हळूच म्हणाली, "हात मात्र छान फिरवतोस तू." मी विचारलं, गाणं कसं झालं? ती म्हणाली, "गात होतास?"

मी पाय धुऊन मागे, चहाच्या पातेल्यापाशी बसलो. कोणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सुरेखाने चहा आणून दिला. तिचं तोंड लाल झालेलं होतं, हसू दाबल्यामुळे. मी तिला सांगितलं की हा माझा शेवटचा महोत्सव. ती बरं म्हणाली आणि बक्षिसं जाहीर करायला गेली.

चित्रकला झाली, रांगोळी झाली, गायनाचं पहिलं बक्षीस त्या बारा बायकांना गेलं. मग जनार्दनकाकांनी माइक हातात घेतला. म्हणाले, आपल्या जावयांनी आज होडीत बसून, तोंडातून एक शब्द न काढता, नुसत्या हावभावांनी आपल्याला जे हसवलं, त्यासाठी मंडळाने ऐन वेळी मूकाभिनयाचा नवीन विभाग सुरू केला आहे. टाळ्या थांबेनात. मला एका पायात चप्पल घालून स्टेजवर जावं लागलं. हातात प्रमाणपत्र पडलं, ते मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि माझा संताप अनावर झाला. मूकाभिनय म्हणाले, तेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण खाली लिहिलं होतं, उत्तेजनार्थ. त्या विभागात माझ्याशिवाय दुसरं कोणीही नव्हतं, मग पहिला नंबर का नाही, हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जनार्दनकाकांच्या दारात उभा होतो.